सात नंबरचा जोड

लोक विचारतात, सोळा वर्षं फौजेत होतास, कुठल्या आघाडीवर होतास? मी सांगतो, पाइपलाइनवर होतो. ऐकणारा हसतो. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं. मी इंजिनियर्सच्या एका फील्ड कंपनीत पाइप फिटर होतो, हुद्दा नाईक, आडनाव तांडेल, गाव तारकर्ली. बंदूक मला चालवता येत होती. पण सरकारनं माझ्या हातात पाना दिला आणि त्या पान्यानं मी जे बरं-वाईट केलं, ते इथे लिहितो आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. पावसाळा होऊन गेल्यावर आमच्या किनाऱ्यावर वादळ आलं. माझ्या गावाजवळच्या खाडीच्या मुखाशी वाळूची एक लांब जीभ आहे. तिच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांत वसलेली मच्छीमारांची वाडी. समुद्र रात्रीत एका अंगानं शिरला आणि दुसऱ्या अंगानं बाहेर पडला. माणसं माडांना धरून वाचली, पण विहिरी सगळ्या खारट झाल्या. तोंडात पाणी धरवत नव्हतं. गोडं पाणी खाडीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याला. बायका होडीतून हंडे भरून आणत. दिवसाला दोन खेपा, त्यातलं निम्मं पाणी होडीत सांडायचं.

कलेक्टरनं फौजेकडे मदत मागितली. आमचं अठरा जणांचं डिटॅचमेंट निघालं. वर एक तरुण कॅप्टन साहेब, त्यांच्या हाताखाली सुभेदार साहेब. कट्टा गावापर्यंत ट्रकनं आलो, पुढे सामान बैलगाडीनं आणि होडीनं. हुकूम साधा होता. झऱ्यावर पंप बसवायचा, तीन इंची लोखंडी पाइप खाडीवरून नेऊन वाडीत टाकी भरायची. खाडी तिथे तीनशे फूट रुंद. पूल नाही. पाइप होड्यांवर ठेवून न्यायचा.

माझ्या जोडीला लान्स नाईक ज्ञानू शेडगे होता. दुष्काळी माण तालुक्यातला. उंच, काटक, बोलायला कमी. पोहता येत नव्हतं आणि ते कबूल करायला लाजत नव्हता. खाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा काठावर उभा राहून म्हणाला, "एवढं पानी, आन् पियाला थेंब न्हाय?" मग पाना उचलून कामाला लागला. पाइपातून पाणी गळताना दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. मी चेष्टेनं म्हणायचो, "शेडगे, तुझ्या घरची विहीर आहे का ही?" तो नुसती गळती बंद करायचा.

होड्या जनाकाकीनं दिल्या. तिचा घोव, म्हणजे नवरा, समुद्रात बुडालेला, तीन होड्या स्वतःच्या, बाकीच्या भाऊबंदांच्या. तिचा शब्द वाडीत मोडत नसे. चौदा होड्या तिनं एका सकाळी ओळीत आणून लावल्या. कॅप्टन साहेबांनी एका होडीवर हात फिरवला. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्यानं शिवलेल्या होत्या. साहेबांनी नाक मुरडलं. म्हणाले, "ही लोखंडाचं वजन घेणार?"

मी काकीला विचारलं. ती साहेबांकडे न बघता म्हणाली, "तेका सांग, खिळ्यांची होडी वाळयेर आपटली की फुटता. ही दबता आणि परत येता. माजो आजो अशी होडी शिवी होतो, माजो बापूस शिवी होतो. तुमच्या पायपाचा काय ता तुमी बघा."

पाइपाचं आम्ही बघितलं आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. साहेबांचा हुकूम होता की सगळे जोड पक्के, आट्यांचे. मी सांगितलं होतं, "साहेब, ओहोटीला होड्या सात फूट खाली जातात, सगळ्या एकदम जात नाहीत." ते म्हणाले, "नाईक, कसून आवळ." मी कसून आवळलं. दुपारी १३४० ला पाणी उतरलं, काठाजवळच्या होड्या वाळूवर बसल्या, मधल्या तरंगत राहिल्या आणि तीन ठिकाणी आटे उपटून पाइप तुटला. साहेबांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या पद्धतीनं कर." चूक कबूल करायला त्यांना सव्वा मिनिट लागलं. तेवढ्यापुरते ते साहेब मला आवडले.

पाइप जोडणं म्हणजे नुसतं आवळणं, असं बाहेरच्यांना वाटतं. पाइपाला हलायचं असतं. उन्हात तो लांबतो, इंजिनापाशी थरथरतो, वाळूत खचतो. हे हलणं कुठेतरी सोसावं लागतं आणि ते सोसायचं काम लवचीक कपलिंगचं, म्हणजे जोडाचं. मी हे पहिल्यांदा शिकलो ते वर्कशॉपमध्ये, पाण्यावर नाही, हवेवर. तिथे मोठा पंखा भट्टीला पत्र्याच्या नळातून वारा द्यायचा. पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर कॅनव्हासचा गळा शिवलेला होता. मला वाटलं, गरिबी आहे, पत्रा कमी पडला असेल. उस्तादानं तो गळा सोडून पत्रा थेट पंख्याला लावून दाखवला. सगळी शेड खडखडायला लागली. हवेचा दाब कमी, म्हणून कॅनव्हास पुरतो. पाण्याला रबर लागतं.

झऱ्यावर पंपाच्या आधी जाड रबरी नळी लावली, आतून तारेचं वेटोळं असलेली. पंप पाणी ओढतो तेव्हा साधी नळी चपटी होऊन चिकटते, तार तिला उभी धरते. पंपाच्या पुढे रबराचा भाता बसवला, दोन्हीकडे लोखंडी चकत्या आणि बोल्ट. इंजिनाची थरथर भात्यात जिरते, पुढचा पाइप शांत राहतो. काठावरच्या वाळूत स्लीव्ह कपलिंग टाकली. लोखंडी बाही, तिच्या दोन्ही तोंडांना रबराची कडी, वरून बोल्टनं दाबलेली. आत दोन पाइपांची टोकं एकमेकांना चिकटत नाहीत, बोटभर जागा ठेवतात. वाळू खचली तर पाइप तेवढा वाकतो, गळत नाही. आणि खाडीवर, प्रत्येक होडीत एक, पंपाकडून एक ते चौदा नंबरांची, कापडाचे थर दिलेली रबरी बाही, हातभर लांब, दोन्ही टोकांना दोन-दोन लोखंडी क्लिपा. ती होडीबरोबर वर-खाली वाकते.

पण या बाहीचा एक दोष आहे. ती वाकणं सोसते, ओढ फार सोसत नाही. म्हणून प्रत्येक जोडावरून या पाइपापासून त्या पाइपाला काथ्याचे दोन दोर बांधले. ओढ दोरांनी घ्यायची, वाकणं रबरानं. काथ्या ताणला की वीतभर लांबतो. चांगलं रबर तेवढं सहज सांभाळून घेतं.

चांगलं रबर. आता माझी गोष्ट सांगतो.

आमच्या घरात खाऱ्या पाण्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधी मुशीच्या तेलानं माखतात. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या यकृताचं तेल काढून मडक्यात ठेवतात. होडी, वल्हं, दोर, लोखंडी गळ, सगळ्याला तेल. न माखता वस्तू पाण्यात टाकली तर बापूस पाठीत धपाटा घालायचा. मी रबरी बाह्या उघड्या पाहिल्या, खारं पाणी पाहिलं, आणि माझा हात आपोआप जनाकाकीच्या मडक्याकडे गेला. मी चौदाही बाह्या आतून-बाहेरून माखल्या. तेलानं त्या पाइपावर सरकन चढल्या. काम दोन तास लवकर झालं. कॅप्टन साहेब होडीत येऊन उभे राहिले, वास आला म्हणून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "स्मार्ट वर्क, तांडेल." मी छाती फुगवली. फौजेला माझ्या गावानं काहीतरी शिकवलं, असं मला वाटलं.

शेडगेनं एकदाच विचारलं, "नाईक, रबराला त्याल चालतं व्हय?"

मी म्हणालो, "माणदेशात चालत नसेल. इथे चालतं."

पाणी सुरू झालं. वाडीतल्या टाकीचा नळ सोडला तेव्हा जनाकाकीनं ओंजळभर पिऊन पाहिलं आणि म्हणाली, "गोड आसा." आठ दिवस लाइन चालली. रोज ०६०० ला पंप सुरू, १००० ला बंद, पुन्हा १५०० ते १८००. मी पंपावर, शेडगे लाइनवर. फील्ड टेलिफोन एक पंपापाशी, एक मधल्या होडीत.

नववा दिवस अमावास्येचा. उधाणाची ओहोटी. दुपारी पंप सुरू केला तेव्हाच पाणी समुद्राकडे धावत होतं. १५४० ला टेलिफोन वाजला.

"पंप, लाइन बोलतोय. मधल्या होड्यांचं नांगर सरकत्यात."

"किती?"

"दोन हात. सात नंबरचा दोर ताणलाय. बाही मऊ लागतीया, नाईक. बोट रुततंय."

"क्लिप आवळ."

"आवळली. रबर क्लिपंतनं भायेर येतंय."

मी इंजिन बंद केलं. टेलिफोनवर म्हणालो, "पंप बंद. होडी सोडून काठावर ये."

उत्तर आलं नाही. मी वर पाहिलं. लाइनच्या खालच्या अंगाला, प्रवाहात, जनाकाकीची होडी खाडी ओलांडत होती. आत पाच बायका. एक बाळंतपणाला आलेली, तिला मालवणच्या डॉक्टरकडे नेत होत्या. सात नंबर तुटला असता तर अर्धी लाइन, सात होड्या आणि दीडशे फूट लोखंड, प्रवाहाबरोबर फिरून त्या होडीवर गेली असती.

मी धावलो. पाइपावरून, होडीतून होडीत. चार नंबरवर होतो तेव्हा बाही सुटली. पाइपात उरलेल्या पाण्याचा फवारा उडाला. सगळी ओढ दोरांवर आली. एक दोर तुटला. दुसरा तुटायच्या आत शेडगेनं त्याचं टोक पाइपावरून सोडवलं, होडीच्या आडव्या दांडीला एक वेढा घातला आणि टोक दोन्ही हातांत धरून पाय फळीला लावून तो मागे रेलला. बुडू नये म्हणून दिलेलं कॉर्कचं जॅकेट होडीत पडलेलं होतं. ते घालून वाकता येत नाही, पाना फिरवता येत नाही. आम्ही कुणीच काम करताना घालत नव्हतो.

"शेडगे, सोड!"

"होडी जाऊ द्या!"

"हुकूम आहे, सोड!"

तो माझ्याकडे बघतही नव्हता. जनाकाकी वल्हं मारत होती आणि मान वळवून त्याच्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं. किती वेळ गेला ते मी नंतर मोजायचा प्रयत्न केला. दोन मिनिटं असतील. त्याच्या तळहातांतून रक्त दोरावर आलेलं मला पाच नंबरवरून दिसलं. सहा नंबरवर पोचलो. आमच्यात एक पाइप उरला होता.

"होडी गेली?" त्यानं विचारलं.

"गेली!"

त्यानं दोर सोडला. वेढा सुटला, पाइपाचं तोंड गर्रकन फिरलं आणि त्याच्या छातीवर बसलं. तो पाण्यात गेला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. मी मागोमाग उडी मारली. मी तांडेलाचा पोर, त्या खाडीत वाढलेला. तीनदा तळाला गेलो. तिसऱ्यांदा सुभेदार साहेबांनी केसांना धरून मला होडीत ओढलं. शेडगे १७५० ला खाडीच्या मुखाशी, वाळूच्या बांधावर सापडला.

रात्री मी सात नंबरची बाही हातात घेतली. ती फुगली होती आणि जुन्या गुळासारखी चिकट लागत होती. तेलाचा वास येत होता. बाकीच्या तेरा काढून पाहिल्या. सगळ्या तशाच. मी स्टोअरमधली कोरी बाही कापली, एक तुकडा तेलात टाकला, एक खाऱ्या पाण्यात. चौथ्या दिवशी पाण्यातला होता तसाच होता. तेलातला बोटानं दाबला की खड्डा पडत होता. रबराला तेल म्हणजे विष. साबणाचं पाणी लावायचं असतं. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगितली असेल, तर त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, वाडीच्या शाळेत बसली. बाहेरून एक मेजर साहेब आले. आदल्या दिवशी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. चौकशीचा कागद आधीच तयार होता. लान्स नाईकनं क्लिपा नीट आवळल्या नाहीत, जॅकेट घातलं नाही, हुकूम असून जागा सोडली नाही. निष्काळजीपणा.

"म्हणजे कंपनीच्या दगडावर नाव नाही," मी म्हणालो. आमच्या कंपनीत ड्यूटीवर गेलेल्यांची नावं एका काळ्या दगडावर कोरतात. निष्काळजीपणानं मेला, तर कोरत नाहीत.

"तांडेल, तो परत येणार नाही. तुझ्या पट्ट्या का घालवतोस?"

"तेल मी लावलं."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

सुभेदार साहेब भला माणूस होता. तो माझ्या भल्याचंच सांगत होता आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मी दोन्ही तुकडे खिशात घालून शाळेत गेलो. सॅल्यूट केला, तुकडे टेबलावर ठेवले आणि सांगितलं. मेजर साहेबांनी ते दाबून पाहिले. विचारलं, "तेल लावताना कुणा अधिकाऱ्यानं पाहिलं होतं?" कॅप्टन साहेब शेजारी बसले होते. ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "तेल मी लावलं, साहेब. मला दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही." ते नाव मी आजही घेत नाही. ते ज्याचं त्याच्यापाशी.

तेवढ्यात दारात गडबड झाली. कागदात काय लिहिलंय ते वाडीभर पसरलं होतं. पहारेकरी अडवत होता आणि जनाकाकी त्याच्या हाताखालून आत आली.

"माका सांगूचा आसा. लिवून घेवा."

मेजर साहेब उत्तरेकडचे. त्यांना एक अक्षर कळेना. मला म्हणाले, ट्रान्सलेट कर. काकी टेबलापुढे उभी राहिली.

"तेना दोर सोडूक नाय. आमी पलीकडे जायसर सोडूक नाय. मी बघी होतंय. तेचे हात फाटले, तरी सोडूक नाय. आणि ह्या कागदार काय लिवलास? तेना चूक केल्यान? मेल्यांनो, तुमची जीभ कशी वळली?"

मी शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं सांगितलं. मेजर साहेब म्हणाले, "शेवटी काय म्हणाली?"

मी तेही सांगितलं.

मग त्यांनी जुना कागद बाजूला सारून कोरा ओढला. काकी तिथून हलली नाही. जबाबाखाली तिचा अंगठा उमटेपर्यंत ती उभी होती.

माझ्या दोन्ही पट्ट्या गेल्या. नाईकचा पुन्हा साधा सॅपर झालो. त्याचं दुःख मला नव्हतं आणि आजही नाही. त्याच आठवड्यात लाइन मी पुन्हा टाकली. नवं रबर, पाइपाची टोकं सोड्यानं धुतलेली, प्रत्येक बाही साबणाच्या पाण्यानं चढवलेली, काथ्याच्या जागी पोलादी दोर, आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट. ज्यानं काढलं त्याला मी शिव्या दिल्या, तो माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचा असला तरी. वाडीच्या विहिरी गोड होईपर्यंत ती लाइन एकदाही सुटली नाही. काही जण म्हणाले, याची हिंमत बघा, याच्याच हातून माणूस गेला आणि हाच पुन्हा पाना धरतो. धरला. तो दुसऱ्याच्या हातात देऊन मी रडत बसलो असतो, तर शेडगेला काय मिळालं असतं?

नाव दगडावर कोरलं. पहिली सुट्टी मिळाली तेव्हा मी घरी गेलो नाही, माणला गेलो. शेडगेची आई ओट्यावर बसली होती. मी माफी मागायला गेलो नव्हतो. मला सांगायचं होतं. तेल कुठलं, कसं लावलं, तिच्या पोरानं मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. घरातले बाप्ये उठून उभे राहिले. तिनं हातानं त्यांना बसवलं.

"त्या बाया वाचल्या?"

"वाचल्या. पाचही. एकीला नंतर मुलगी झाली."

मग तिनं विचारलं, "दगडावर नाव लिवलंया म्हनत्यात. पुरं लिवलंय का?"

"पुरं. लान्स नाईक ज्ञानू बाळा शेडगे."

"बापाचं बी लिवलं." ती म्हणाली. "त्यो असताना म्हनायचा, ह्ये पोर माझं नाव राखतंय का न्हाय."

तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जेवायला मात्र वाढलं, आणि मी जेवलो. तिचा मुलगा चोवीस वर्षांचा होता. त्यानं सात नंबरचा जोड बरोबर आवळला होता.